आखूड केस आणि मावशीची रील

मंगळवारी सकाळी मावशीने घरच्या ग्रुपवर एक रील टाकली. ‘स्त्रीवादाने कोरिया बुडवला’, लाल अक्षरांत. लग्न नको म्हणणाऱ्या मुली, ओस पडलेल्या शाळा, घसरलेल्या जन्मदराचा आकडा. खाली मला प्रश्न, “तू तिथेच आहेस ना गं, खरंय का हे?” मी काही लिहायच्या आत सात जणांनी हात जोडले. काकांनी लिहिलं, “आपलीच संस्कृती बरी.” दहा मिनिटांनी ताई ग्रुपमधून बाहेर पडली.

ताई मावशीची मुलगी. घटस्फोटानंतर मुलाला घेऊन सांगलीला परत आली, त्याला चार वर्षं झाली. आईच्या शेजारच्याच खोलीत राहते.

म्हणून हे इथे लिहितेय, ग्रुपवर मावणार नाही.

आकडा खरा आहे. दक्षिण कोरियाचा जन्मदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ होता, २०२४ मध्ये जेमतेम ०.७५ झाला. पण कारण म्हणून रील ज्या ‘फोर बी’कडे बोट दाखवते, म्हणजे लग्न, मूल, प्रेम, शरीरसंबंध चारही नको, ते नाव सुवॉन या इथल्या शहरातल्या माझ्या सहा वर्षांत एकाही बाईच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. इथे ती ऑनलाइन जमलेल्या थोड्याजणींची गोष्ट. जगभर गाजली ती २०२४ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर. माझ्या ऑफिसातल्या अविवाहित मुली बोलतात त्या घराच्या डिपॉझिटबद्दल, मुलांच्या शिकवण्यांच्या खर्चाबद्दल, बाळंतपणानंतर हातचं काम परत मिळेल का याबद्दल. बाई आणि पुरुषाच्या पगारात इथे सुमारे ३० टक्क्यांचा फरक आहे, विकसित देशांत सगळ्यात जास्त. हे पंधरा सेकंदांत कोण सांगणार?

आता माझ्या केसांचं सांगते. लेकीच्या जन्मानंतर मूठमूठ केस गळायला लागले, तेव्हा मी ते कानापर्यंत कापून टाकले. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी एक मुलगा, वयाने माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, अतिशय आदबीने वागणारा, हळूच म्हणाला, “तुम्ही ‘पेमी’ आहात का?” पेमी म्हणजे फेमिनिस्ट, पण इथल्या तरुण मुलांच्या साइटींवर हा शब्द शिवीसारखा वापरतात. तो मला शिवी देत नव्हता, खरोखर विचारत होता. मी “बाळंतपणात केस गेले” म्हटलं, तर बिचारा कमरेत वाकून तीनदा माफी मागून गेला. रात्री मला झोप आली नाही. खुलासा का केला मी? केस आवडले म्हणून कापले असते, तर काय उत्तर दिलं असतं?

तिरंदाज आन सानने टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली, आणि तिच्याच देशातले लोक तिच्या आखूड केसांवरून तुटून पडले. पदकं परत घ्या म्हणणारेही निघाले. मग हजारो बायकांनी आपापल्या आखूड केसांचे फोटो टाकले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंजू शहरात रात्रपाळीला दुकानात काम करणाऱ्या मुलीला एका तरुणाने बेदम मारलं. केस आखूड, म्हणजे फेमिनिस्ट, म्हणजे मार खायलाच हवा, असं त्याचं म्हणणं. तिच्या एका कानाचं ऐकणं कायमचं अधू झालं. मधे पडलेल्या पन्नाशीतल्या गिऱ्हाइकालाही त्याने मारलं. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे अपिलात कोर्टाने बायकांचा द्वेष हे गुन्ह्याचं कारण म्हणून मान्य केलं. मावशी, रीलमध्ये हे नव्हतं.

आमच्या गल्लीत एक बाई तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान चालवते. मी तिला ओन्नी म्हणते, म्हणजे ताईच. तिचं लग्न झालेलं नाही. मुलगा दहा वर्षांचा आहे. माझं बाळंतपण झालं तेव्हा आई व्हिसात अडकली होती. डिंकाचे लाडू कुठले आणि अळीव कुठले! ही बाई एकवीस दिवस रोज दारात डबा ठेवून गेली. समुद्री शेवाळाचं सूप, बाळंतिणीचं इथलं पथ्य. एरवी त्यात गोमांस असतं, पण मी खात नाही हे लक्षात ठेवून तिने माझ्यासाठी ते नुसत्या तिळाच्या तेलावर केलं.

तिच्या मुलाला तिचंच आडनाव आहे. इथे मूल सहसा बापाचं आडनाव लावतं. लग्न झालेल्यांना आईचं द्यायचं तर लग्नाची नोंद करतानाच तसं लिहून द्यावं लागतं. त्यामुळे दोघांचं आडनाव एक दिसलं की शाळेत प्रश्न येतात, असं ती सांगते. २०२४ मध्ये लग्नाबाहेर झालेल्या मुलांचं प्रमाण ५.८ टक्के होतं आणि तो इथला उच्चांक होता. तिला मी अभिमानाने सांगितलं की आमच्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पंडिता रमाबाईंचंही सांगितलं. नवरा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्या लहानग्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. ओन्नी म्हणाली, तुमच्याकडे बरंय मग. मी हो म्हणाले. ताईचं सांगायला तोंड उघडलं नाही.

माझं लग्न कांदेपोह्यांचंच. नवरा रात्री लेकीला झोपवतो, भांडी घासतो. मी सुखात आहे, आणि लग्न चांगलं असू शकतं हे मी इथल्या मुलींनाही सांगते. त्याची मला लाज नाही. पण माझं चांगलं निघालं, ताईचं नाही. तीही त्याच चौरंगावर बसली होती, तेच पोहे घेऊन.

मावशीला मी एवढंच पाठवलं : सुपाच्या डब्याचा फोटो, आणि खाली, “ज्या बाईने मला एकवीस दिवस जेवू घातलं, ती रीलमधलीच. आणि ताई ग्रुपमधून गेली, ते बघितलंस का?”

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही. रविवारी फोन करणार आहे, आधी ताईला.