दोरीवरचा हुमला

परवा दुपारी गावच्या घरी मागल्या दारी कपडे काढायला गेले तर दोरीवर हुमल्यांची रांग. दोरीचं एक टोक आंब्याला बांधलेलं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने रस्ता त्यांचाच. (घाटावरच्यांनी झाडावरच्या तांबड्या मुंग्या समजा, पण मुंगी म्हटलं की फारच गरीब वाटतं.) मी चादरीला हात घातला आणि त्यातला एक जागीच थांबला, पोट वर उचलून, तोंड वासून. बोट डावीकडे नेलं, तो डावीकडे वळला. उजवीकडे नेलं, उजवीकडे. जेमतेम सेंटीमीटरभर जीव, पण पळायचं नावच नाही!

लहानपणी मे महिन्यात दादा आंब्यावर चढला होता, मी खाली पोतं धरून. हुमल्यांचं घर म्हणजे हिरवी पानं स्वतःच्याच अळ्यांच्या रेशमाने शिवलेली, ते हललं की आतून पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो ऐकला की निमूट उतरायचं असतं. दादा म्हणे अजून एकच. मग जो उतरला तो शर्ट झाडावरच टाकून, थेट विहिरीवर. नांगी नसते हो त्यांना, पण चावा घेतात आणि वर त्याच जागी ॲसिड सोडतात, आणि ओढून काढावं तर धड हातात येतं, डोकं तिथेच! आज्जी राख घेऊन आली, चढायच्या आधी अंगाला चोळ म्हणून सकाळीच बजावलं होतं तिने, त्यामुळे राखेबरोबर शिव्या पण.

चीनमध्ये संत्र्याच्या बागा राखायला ही घरटी पिशवीत भरून विकायचे, इसवी सन ३०४च्या सुमाराला लिहून ठेवलंय. आमच्याकडे मात्र पिठ्या ढेकणांना (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) पाळतात म्हणून शिव्याच खातात.

आणि हुमला हुमला म्हणते खरी, पण या कामकरी सगळ्या बायका. त्यातही तरण्या आत पिल्लं बघतात आणि हद्दीवरच्या घरट्यांत म्हाताऱ्या ठेवतात, भांडायला. हे वाचल्यापासून मला आमची आज्जीच दिसते, पडवीत काठी घेऊन बसलेली, आंब्याखाली कुणाचं पोर दिसलं की गुडघे दुखत असूनही आधी उठायची आणि मग ओरडायची.

चादर अजून दोरीवरच आहे. आई दोनदा विचारून गेली.