आमची वाटचाल : डंखाचा आवाज लपत नाही

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमची पिठाची गिरणी आणि मसाल्याचा डंख, म्हणजे मुसळांनी मिरची-मसाला कुटायचं यंत्र, आहे. डंख माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली घातला. ते परळच्या गिरणीत फिटर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली, आणि मग त्यांच्याच खात्यातल्या एका मित्राला सोबत घेऊन लालबागमधून चार मुसळांचा एक जुना डंख उचलला. मित्राकडे घालायला पैसे नव्हते, त्यांनी अंगमेहनत घातली. मुसळं उचलणारे कॅम नव्याने घडवून घेतले, मुसळांची झिजलेली लोखंडी टोकं बदलली, उखळ जमिनीत पक्कं बसवलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका १९९१ ला गावी गेले, पण त्यांनी बसवलेलं उखळ अजून तसूभर हललेलं नाही. पुढची वर्षं कामात गेली. सासरे गेले, गिरणी नवऱ्याकडे आली आणि डंख माझ्याकडे.

आमच्या धंद्याचं वर्ष अडीच महिन्यांचं असतं. धुळवडीला सुरुवात होते आणि मे संपता संपता, आकाशात ढग दिसले की संपतं. तेवढ्यात घराघरातली मिरची गच्चीवर वाळते, मसाल्याचं सामान तेलावर भाजून होतं आणि डब्यातून आमच्याकडे येतं. चांगल्या सीझनला दोन्ही डंखांवर मिळून पाच हजार किलोपर्यंत माल निघावा, असा माझा हिशेब. त्याच पैशात वर्षभराचं भाडं, कारागिराचा पगार, मुलांच्या फिया. पिठाच्या गिरणीवर रोजचा भाजीपाला निघतो, एवढंच.

दोन्ही डंख म्हणाले, कारण जानेवारी २०२० मध्ये आम्ही साडेतीन लाखांचं कर्ज काढून सहा मुसळांचा नवा डंख घेतला. महिना ९,२०० रुपये हप्ता. धुळवडीला, १० मार्चला, त्याला हार घातला. बारा दिवसांत सव्वासातशे किलो माल कुटून दिला. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता म्हणून बंद ठेवलं. संध्याकाळी पाच वाजता आम्हीही गॅलरीत थाळ्या वाजवल्या. मंगळवारी रात्री आठ वाजता कोरोनाच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला आमच्याकडे यंत्राची पूजा असते. मी शटर अर्धं वर करून आत गेले, हळदकुंकू वाहिलं आणि शटर खाली ओढलं. आत लोकांचे त्रेचाळीस डबे होते. काही कुटून तयार, काही अर्धवट, काही नुसती मिरची.

हे त्रेचाळीस डबे म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं होतं. दुसऱ्याच्या घरचा वर्षाचा मसाला तो. एकीने बेडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी घातलेली, दुसरीला लवंगी जास्त लागते, तिसरीच्या घरी दगडफूल आणि त्रिफळं घातल्याशिवाय माशाचं कालवण होत नाही. एकाचा माल दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मी प्रत्येक घाण्यानंतर, म्हणजे एका वेळी उखळात घातलेला माल कुटून झाला की, उखळात मूठभर तांदूळ घालून कुटते आणि ते टाकून देते. पाण्याचं फडकं उखळाला कधी लावू नये, नवीन लोक हीच चूक करतात आणि मग मसाल्याला बुरशी आली की मिरचीवाल्याच्या नावाने ओरडतात.

गिरणीला परवानगी होती. सकाळचे ठरावीक तास पीठ दळायला मुभा होती. मसाल्याचं काय, हे कोणीच नीट सांगेना. एक साहेब म्हणाले, पीठ अत्यावश्यक, मसाला नाही. दुसरे म्हणाले, किराणा चालतो तर मसाला का नाही, करा. कागदावर कोणी लिहून देईना. त्या दिवसांत घरात कसे दिवस काढले ते सगळ्यांनीच पाहिलंय. भाजी मीठ घालून धुवायची, दुधाची पिशवी साबणाने धुवायची, आलेल्या नोटा इस्त्रीखाली घालायच्या. माझ्या हातांना मिरची मुरलेली, बोटांच्या भेगांतून ती निघत नाही, त्यावर सॅनिटायझर पडला की डोळ्यांतून पाणी यायचं. मुलगी दहावीला होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला आणि पुढे तो रद्दच झाला. ती रोज नकाशा उघडून बसायची, पेपर होईल या आशेने.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नऊ मिनिटं दिवे लावले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मी ठरवलं की त्रेचाळीस डबे संपवायचे. नवऱ्याने गिरणी चालू केली, मी शेजारी जुना डंख. पिठाच्या रांगेत सहा-सात माणसं होती, लांब लांब उभी, तोंडाला रुमाल बांधून. आता ज्याने आयुष्यात एकदा तरी डंखाशेजारी उभं राहून पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. लवंगीचा घाणा पडला, खकाणा उठला, आणि रांगेतल्या सगळ्यांना एकदम ठसका लागला. शिंका, खोकला, डोळे लाल. छत्तीस वर्षं आमच्या दारात हेच होत आलंय. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ फिरत माझ्या माहेरी पोहोचला. खाली लिहिलं होतं की गिरणीत खोकणाऱ्या माणसांची गर्दी आहे, तिथे जाऊ नका. त्या इमारतीने लेखी तक्रार दिली. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे, अजून ड्रॉवरमध्ये ठेवलीय. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि डंखासोबत पिठाची गिरणीही बंद करायला लावली. आम्हाला चौदा दिवस घरात बसायला सांगितलं, दारावर कागद चिकटला. घरात कोणाला ताप नव्हता, खोकला नव्हता. मी सांगत होते की हा मिरचीचा ठसका आहे, एक चिमूट आणते, तुम्हीच बघा. ऐकायला कोणी थांबलं नाही. दूधवाला पिशवी जिन्यात ठेवून पळायचा. ज्यांच्या बाळंतपणात मी डिंकाच्या लाडवांसाठी रात्री अकराला गिरणी उघडून दिली होती, त्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

आजार खोटा होता असं मी म्हणत नाही. आमच्याच मागच्या गल्लीतली दोन माणसं गेली. लोक घाबरलेले होते आणि घाबरण्यासारखंच होतं. पण एकदा येऊन विचारायला हवं होतं. तेवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

गिरणी एकोणीस दिवस बंद राहिली. आणि याच दिवसांत दोन गल्ल्या पलीकडच्याचं नशीब उघडलं. तो आमच्याकडेच चार वर्षं काम शिकला. सासऱ्यांनी त्याला मुसळाच्या ठोक्यावरून घाणा झाला की नाही ते ओळखायला शिकवलं होतं. कच्च्या घाण्याचा ठोका कोरडा येतो, झालेल्याचा जड आणि मऊ. तो बाहेर पडला आणि त्याने पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं बंद यंत्र, टाकला. पल्व्हरायझर आतल्या खोलीत दार लावून चालवता येतो. डंखाचे ठोके जमिनीतून जातात, तिसऱ्या इमारतीत पाण्याचा तांब्या थरथरतो. म्हणून तो रात्री दहानंतर मसाला काढत राहिला, किलोला पन्नासाचे शंभर घेत राहिला, आणि लोक मागच्या दाराने जात राहिले. त्याने दर वाढवला याचं मला फारसं वाटत नाही. पल्व्हरायझरमध्ये मसाला तापतो, वास उडतो, रंग मावळतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी त्याने पिशवीवर छापलं, ‘डंखावर कुटलेला मसाला’. ती पिशवी अजून तशीच आहे. हे मला सहन होत नाही.

मेच्या पहिल्या तारखेपासून गाड्या सुटायला लागल्या. आमचा डंखावरचा कारागीर जौनपूरकडचा, नऊ वर्षं आमच्याकडे. नाव नोंदवून आठ दिवस थांबला, नंबर लागेना, मग नाशिक हायवेने चालत निघाला. मी त्याला चटणी-पोळ्यांचा डबा आणि सहा हजार दिले, त्यातले चार हजार मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले होते. कसाऱ्याहून फोन आला की एका ट्रकने घेतलं. मग फोन बंद. बावीस दिवसांनी घरी पोहोचल्याचं कळलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

कर्जाचं सांगायचं तर ऑगस्टपर्यंत हप्ता पुढे ढकलायची सोय मिळाली. हप्ता थांबला, व्याज चढत गेलं. ज्यांनी कोणी नवीन धंदा काढला असेल त्यांना मी सांगते, यंत्र कर्जावर घ्या, पण एका पूर्ण सीझनचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय घेऊ नका. आणि ते पैसे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर ठेवू नका, दोघांच्या सहीने निघतील असे ठेवा. मेमध्ये नव्या डंखासाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती. एकाने भंगाराचा भाव सांगितला. त्या रात्री नवरा गिरणीत जाऊन दगडाला टाकी लावत, म्हणजे छिन्नीने दगड खरखरीत करत बसला. दळण नव्हतं, तरी टाकी लावत बसला. शटरच्या फटीतून टकटक ऐकू येत होती, मी बोलावलं नाही.

तेव्हा आल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी. पहिल्या डंखापासूनच्या आमच्या गिऱ्हाईक. सुकं विकतात, सोडे, सुकट, बोंबील. सासऱ्यांच्या वेळी त्या नव्या नवरी होत्या, आता सुना आल्या. त्यांची बावीस किलो मिरची मार्चपासून ड्रममध्ये पडून होती. गल्लीतल्या बायका रात्री मागच्या दाराने जाऊन मसाला करून आल्या, मावशी गेल्या नाहीत. मिरची तीनदा गच्चीवर काढली, तीनदा वाळवून परत भरली. मला फोनवर म्हणाल्या, “बाय गो, माजी मिरची दुसरीकडं नाय जायाची. तू उघड, मग बगू.”

५ जूनला आम्हाला आळीपाळीने दुकान उघडायची मुभा मिळाली. दोनच दिवस आधी निसर्ग वादळ येऊन गेलं होतं, हवा ओली झाली होती. ओल्या हवेत मिरची सादळते, डंखाखाली चिवट होते, मुसळाला चिकटते, कुटली तरी भुगा होत नाही. मसाला करायचे दिवस संपले होते. मी तसं मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ऊन नसलं तर चूल आहे. लोखंडी कढईत मंद आचेवर त्यांनी बावीस किलो मिरची थोडी थोडी करून कोरडी शेकली, रंग जाऊ न देता. अशी मिरची शेकायला हात लागतो, करपली की मसाला कडू. आणि गरम गरमच पत्र्याच्या डब्यात झाकण लावून, रिक्षा मिळेना म्हणून नातवाच्या हातगाडीवर, सकाळी सात वाजता माझ्या दारात.

त्या एकट्या आल्या नाहीत. दारोदार जाऊन सांगितलं होतं, की त्या बाईच्या घरात आजार नव्हता, तो मिरचीचा ठसका होता, मी चाळीस वर्षं तिथे खोकतेय. चौदा घरांची मिरची आली, एकशे ऐंशी किलो. पाळी लावून, एका वेळी एकच बाई दुकानात. कारागीर नव्हता, मुसळाखाली कलथा मी फिरवला, मुलीने चाळलं. नऊ दिवस चाललं. पैसे मावशींनी आधीच गोळा करून आणले होते, एका रुमालात नऊ हजार रुपये. नवा डंख विकायचा फोन मी त्याच दुपारी करून रद्द केला.

जुलैत ठाण्यात परत २ तारखेपासून १९ पर्यंत बंद झालं. २०२१ च्या सीझनलाही तेच, ऐन एप्रिलमध्ये सकाळी सात ते अकरा. पण तोवर आम्ही शिकलो होतो. डबे घरून आणायचे, नंबराची चिठ्ठी लावायची, कुटून घरी पोचवायचे. कारागीर दिवाळीच्या सुमारास परत आला. त्या दोन वर्षांत गेलेली काही गिऱ्हाइकं आली नाहीत, ती पलीकडेच राहिली. कर्ज २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फिटलं.

१ एप्रिल २०२२ ला सगळे निर्बंध उठले आणि २ तारखेला पाडवा होता. दोन्ही डंखांना हार घातला. त्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या एक बाई चार किलो घेऊन आल्या. मी वहीत नाव लिहिलं, नंबर दिला. त्यांचा सदतिसावा होता, संध्याकाळी यायला सांगितलं.

पहिला घाणा मावशींचा. तो आता ठरलेलाच आहे. आता त्या खुर्चीवर बसतात, सून डबा धरते. कुटून झालं की चिमूटभर तळहातावर घेतात, अंगठ्याने पसरतात, उठून दाराशी उजेडात जातात आणि रंग बघतात. मग नाकाशी नेतात. मी उभी असते, छातीत धडधडतं, इतकी वर्षं झाली तरी.

“आजून येक येळ चाळ, बाय.”

मी चाळणी परत हातात घेतली.