मराठवाड्यात जीपीएसचा धंदा वाढवायचा तर: रिन्यूअल, डिझेल आणि जवळचा वायरमन

गाड्यांना जीपीएस बसवून देणाऱ्या कुणालाही धंदा कसा चाललाय विचारा, उत्तर एकाच आकड्यात येतं: यंदा एवढे डबे, म्हणजे जीपीएसची यंत्रं, बसवले. पण हा धंदा त्या आकड्यावर उभा राहत नाही. समजा आज १००० गाड्या चालू आहेत आणि दरवर्षी ३०० नव्या जोडल्या जातात. जुन्यांपैकी ६० टक्के लोकांनीच रिचार्ज केलं, तर तीन वर्षांनी हातात ८०४ गाड्या उरतात. तेवढेच ३०० नवे, पण ८५ टक्के रिन्यूअल झालं, तर तिसऱ्या वर्षी जवळपास १३८६ होतात. विक्रीची धावपळ दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो डबा बसवल्यानंतरच्या अकरा महिन्यांत काय केलं त्यावर.

गाडीमालक दुसऱ्या वर्षी पैसे का देत नाही? भाव हे कारण फार कमी वेळा असतं. डबा तीन महिन्यांपूर्वीच बंद पडलेला असतो आणि कुणी फोनसुद्धा केलेला नसतो. किंवा डबा चालू असतो, पण त्यातून मालकाला नकाशावरच्या ठिपक्यापलीकडे काही मिळत नाही. ‘गाडी कुठंय’ हे ड्रायव्हरला फोन लावून फुकटात कळतं.

तिसरं कारण म्हणजे पासिंग. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना एआयएस-१४० या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित जीपीएस यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या. तेव्हापासून एमएच-२० (छत्रपती संभाजीनगर) असो की एमएच-२६ (नांदेड), आरटीओसमोरच्या टपरीवर यंत्र विकलं जातं, वाहन पोर्टलवर नोंद होते, गाडी पास होते आणि मालक ते यंत्र विसरून जातो. हा ग्राहक सोडून देऊ नका. वाहतुकीच्या गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. प्रत्येक गाडीच्या नावापुढे फिटनेसची तारीख लिहून ठेवा आणि दोन महिने आधी यंत्र, बॅटरी, पॅनिक बटण तपासायला माणूस पाठवा. ऐन पासिंगच्या दिवशी बंद यंत्र घेऊन रांगेत उभं राहायची पाळी ज्याच्यावर आली नाही, तो मालक आपल्या दुसऱ्या गाड्याही आणतो.

मालवाहतुकीत मालकाला पटणारी गोष्ट एकच: डिझेल. गाडी महिन्याला ६००० किलोमीटर चालते आणि लिटरला ४ चा ॲव्हरेज देते, म्हणजे १५०० लिटर. त्यातले ३ टक्के वाचले तर ४५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला ४०५० रुपये झाले. हा हिशेब मालकाच्या वहीत, त्याच्याच गाडीच्या आकड्यांवर करून दाखवा. छापील पत्रकातल्या टक्केवारीवर मोंढ्यातला ट्रान्सपोर्टवाला विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

पण डिझेल सेन्सर हेच यंत्र नीट बसवलं नाही तर धंदा बुडवतं. म्हणून ते कसं बसवायचं हे इथे जरा सविस्तर लिहितो.

टाकीत उभी दांडी सोडायचा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, म्हणजे दांडी किती डिझेलात बुडाली हे विजेच्या बदलावरून ओळखणारा. टाकीच्या लांबी-रुंदीच्या मधोमध भोक पाडा. दांडी कडेला बसली तर गाडी उतारावर उभी राहिली की १०-१५ लिटर ‘गायब’ दिसतात आणि मध्यरात्री चोरीचा खोटा मेसेज जातो. भोक पाडताना कटरला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. उरलेला चुंबकाने काढा. कीस आत राहिला तर पुढे फिल्टर आणि पंपाचं बिल आपल्या नावावर येतं. दांडी टाकीच्या तळापासून १५ ते २० मिलिमीटर वर ठेवूनच कापा, कारण तळाला पाणी आणि गाळ साचतो आणि पाणी दांडीला लागलं की रीडिंग वेडंवाकडं होतं.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं कोणतं रीडिंग किती लिटरचं हे जुळवणं. गाडी सपाट जागेवर हवी. टाकी रिकामी करून मापाच्या कॅनने २०-२० लिटर डिझेल ओता, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा, रीडिंग लिहा. ४०० लिटरच्या टाकीला असे २० टप्पे होतात आणि दोन-अडीच तास जातात. इथेच लोक घाई करतात. रिकामी आणि भरलेली अशी दोनच रीडिंग घेतात आणि मधलं सगळं सरळ रेषेत धरतात. टाकीचे कोपरे गोल असतात, आत पडदे असतात, त्यामुळे अर्ध्या टाकीवर मोठी चूक येते. दुसऱ्या गाडीचा तक्ता उचलून चिकटवणं हा तर अपराधच, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या टाक्याही वेगळ्या निघतात.

एवढं करूनही सेन्सरमध्ये एक-दोन टक्क्यांची चूक राहते. ४०० लिटरच्या टाकीत ती ४ ते ८ लिटर होते. हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगा. पाच लिटरच्या फरकावरून ड्रायव्हरचा पगार कापला गेला आणि नंतर तो निर्दोष निघाला, तर त्या माणसाचं नुकसान आपल्या यंत्राने केलेलं असतं. इंजिन बंद असताना काही मिनिटांत १० लिटरपेक्षा जास्त उतरलं तरच चोरीचा मेसेज जाऊ द्या. रिटर्न पाइपमधून (इंजिनकडून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी नळी) काढलेलं डिझेल असं एकदम पडलेलं दिसत नाही. इंजिन चालू असताना थोडं थोडं जातं आणि खराब ॲव्हरेज म्हणून दिसतं. ते पकडायला त्याच मार्गावरच्या, तेवढ्याच मालाच्या मागच्या दहा फेऱ्या शेजारी ठेवाव्या लागतात. पंपावर मात्र फरक लगेच कळतो: बिल १५० लिटरचं आणि टाकीत वाढलं १३५, तर प्रश्न विचारायलाच हवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. ट्रक २४ व्होल्टचा आणि ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती १२ व्होल्टचे, म्हणून ९ ते ३६ व्होल्टवर चालणारंच यंत्र ठेवा. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवा. अर्थिंग रंग खरवडून चेसिसच्या उघड्या लोखंडाला द्या. वायर पिळून टेप गुंडाळली तर मे महिन्यात टेपचा गोंद सुटतो आणि खड्ड्यांत जोड निसटतो. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. गाडीला बॅटरी कटऑफ, म्हणजे बॅटरीचा पुरवठा तोडणारा खटका, आहे का ते आधी विचारा. ड्रायव्हर रात्री कटऑफ पाडतो आणि इकडे स्क्रीनवर ‘यंत्र तोडलं’ असा मेसेज येतो. बॉडीवाल्याकडे वेल्डिंगला गाडी गेली की यंत्राची वायर आधी काढायची, हे मालकाच्या डोक्यात भरवून ठेवा. आणि चालत्या गाडीचं इंजिन दूरवरून बंद करणारा रिले कुणी मागितला तर गाडी थांबलेली असतानाच तो चालेल अशी अट सॉफ्टवेअरमध्येच घाला. घाटात स्टिअरिंग जड होऊन माणसं मरतील.

आता वायरमन. मराठवाडा पसरलेला आहे. छत्रपती संभाजीनगरहून उदगीर किंवा किनवटला एका डब्यासाठी माणूस पाठवला तर त्या गाडीची वर्षाची कमाई रस्त्यावरच संपते. उपाय एकच: लातूर, नांदेड, अंबाजोगाई, परभणी, धाराशिव, प्रत्येक ठिकाणी ट्रकच्या अड्ड्याजवळचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन धरा. त्याला दोन दिवस शिकवा, पाच जादा यंत्रं, काही सिम आणि फ्यूज त्याच्याकडे ठेवा, प्रत्येक कामाचे पैसे ठरवा आणि जोडाचे फोटो आल्यावर त्याच दिवशी पाठवा. पैसे महिनाभर अडकवले तर तो दुसऱ्या कंपनीचं काम आधी करील.

त्याला पाठवण्याआधी सर्व्हरवरचा शेवटचा डेटा वाचायची सवय लावा. मुख्य व्होल्टेज शून्य झालं आणि आतली बॅटरी उतरत जाऊन डेटा थांबला, तर वायर तुटली आहे. व्होल्टेज ठीक असताना अचानक बंद पडलं तर सिमची मुदत किंवा नेटवर्क बघा. डेटा येतोय पण उपग्रह दोन-तीनच दिसतायत, तर अँटेना पत्र्याखाली सरकली आहे. घाटात रेंज गेल्यावर यंत्र डेटा साठवून नंतर पाठवतं. जुन्या यंत्रात तो साठाच होत नाही आणि नकाशावर डोंगरातून सरळ रेघ दिसते. रोज सकाळी आठ वाजता ‘२४ तासांत डेटा न आलेल्या गाड्या’ ही यादी काढा आणि मालकाच्या लक्षात यायच्या आत त्याला फोन करा. माझ्या मते रिन्यूअल वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

ऊस हे इथलं मोठं पण हंगामी गिऱ्हाईक. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात, मार्चपर्यंत चालतात आणि मग ट्रॅक्टर शेतीच्या कामाला लागतो. त्याला वर्षाचा प्लॅन विकलात तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. सहा महिन्यांचा हंगामी प्लॅन ठेवा, उरलेले महिने सिम सेफ कस्टडीत टाका, म्हणजे तात्पुरतं बंद ठेवा. ट्रॅक्टरला केबिन नसते, म्हणून यंत्र धूळ आणि पाणी न शिरणारं, आयपी-६७ दर्जाचंच हवं. विकायचं मात्र कारखान्याला, ट्रॅक्टरवाल्याला नाही. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकं वजन आणि साखरेचा उतारा घटतो. फडातून गाडी कधी निघाली, यार्डात किती तास उभी राहिली, काट्यावर कधी आली या तीन वेळा कारखान्याच्या शेतकी विभागाला एका तक्त्यात मिळाल्या की कोणत्या गटातल्या टोळीला आज थांबायला सांगायचं हे ठरवता येतं. बैलगाड्या या तक्त्यात येत नाहीत, त्यांचा हिशेब स्लिपवरच ठेवावा लागतो; तिथे यंत्र विकायचा हट्ट धरू नका.

पाण्याच्या टँकरचं काम दुष्काळावर अवलंबून. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशी वर्षं या भागाने पाहिली आहेत. टँकरच्या फेरीचा पुरावा देताना भरायची जागा आणि गावची टाकी, दोन्हीकडे नकाशावर हद्द आखा आणि रिकामं व्हायला लागतो तेवढा वेळ गाडी तिथे थांबली असेल तरच फेरी धरा. नुसतं गावातून गेलेली गाडी फेरीत मोजली जाऊ नये. त्या फेरीवर कुणाच्या तरी घरचं पाणी अवलंबून असतं. पण कंत्राटदाराचं बिल उशिरा निघतं आणि आपलंही थकतं. या कामावर वर्षाचा खर्च बेतू नका.

पक्का, बारमाही धंदा वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत आहे. तिथे माल पाठवणाऱ्या कंपनीला गाठा. तिने अट घातली की तिचे वीस ट्रान्सपोर्टर स्वतःहून येतात. तिला हवं असतं ते गाडी कधी पोचेल हे, आणि गेटवर किती तास उभी राहिली हे. दुसरा आकडा ट्रान्सपोर्टरलाही हवा असतो, कारण खोळंब्याचे पैसे मागायला पुरावा मिळतो. ई-वे बिलाची (जीएसटीखाली माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) मुदतही इथे जोडा: साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत संपत आली, तर ऑफिसला आधी कळायला हवं. बाजारातून उचललेल्या, यंत्र नसलेल्या गाडीला ड्रायव्हरच्या संमतीने मोबाइल सिमवरून ट्रॅक करता येतं, पण ग्रामीण भागात टॉवर दूर असल्याने जागा काही किलोमीटरने चुकते. हे लपवू नका.

नव्या ट्रकमध्ये टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट अशी कंपनीचीच यंत्रणा येते. तिथे पुन्हा ठिपका विकायला जाणं व्यर्थ आहे. आपल्याकडच्या मालकाकडे मात्र दोन टाटा, एक आयशर, एक जुनी लेलँड असा मेळ असतो. सगळ्या गाड्या एका स्क्रीनवर आणणं, कंपनीच्या यंत्रणेतला डेटा संमतीने घेऊन जुन्या गाडीच्या डेटाशेजारी मांडणं, हे काम त्याला दुसरं कुणी करून देत नाही.

आणि स्क्रीन तरी कोण उघडतो? मुनीम उघडतो, मालक नाही. मालकाला सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर मराठीत एक मेसेज द्या: काल किती किलोमीटर, किती डिझेल, इंजिन चालू ठेवून किती तास उभी, दोन तासांपेक्षा जास्त थांबे कुठे. सूचना सुरुवातीला तीनच ठेवा. समृद्धीवर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे. ती ओलांडल्याची एक, सलग चार तास न थांबता गाडी चालवल्याची दुसरी, डिझेल उतरल्याची तिसरी. सरळ रस्त्यावर रात्री डोळा लागतो, म्हणून दुसरी सूचना मालकाला नको असली तरी चालू ठेवा. पहिल्याच आठवड्यात रोज पन्नास मेसेज गेले तर तो सगळेच बंद करतो.

ड्रायव्हरशी यंत्र बसवतानाच बोला. काय मोजलं जातं, कुणाला दिसतं, एसओएसचं, म्हणजे पॅनिकचं, बटण कुठलं, आणि खोळंब्याचा पुरावा त्याच्याही कामाचा कसा, हे सांगायला दहा मिनिटं लागतात. तेवढी दिली नाहीत तर अँटेनाची वायर कापलेली सापडते.

शेवटी डीलरचं कमिशन. सगळं कमिशन पहिल्या विक्रीवर दिलं तर डीलर विकून मोकळा होतो. निम्मं विक्रीवर आणि निम्मं दुसऱ्या वर्षाच्या रिचार्जवर द्या. ‘आयुष्यभर सिम फुकट’ असली स्कीम काढू नका. सिमचं भाडं आपल्याला दर महिन्याला भरावंच लागतं. मुदत संपायच्या ४५ दिवस आधी मालकाकडे एक पान घेऊन जा. त्यावर गाडीवार वर्षाचं डिझेल, उभ्याने जाळलेले तास, पकडलेली चोरी, यंत्र बंद राहिलेले दिवस. बंद राहिलेले दिवस आपल्या चुकीने असतील तर तेवढी मुदत न मागता वाढवून द्या, आणि तसं त्याच पानावर लिहून सही करा.