प्रगतीची नोंद: परक्या वैमानिकांच्या हातची विमाने

मागच्या नोंदीत मिग-१५ पूर्ण झाल्याचे कळवले होते. त्यानंतरच्या सात आठवड्यांत आमच्या संगणकावरच्या खेळात आणखी दोन जेट विमाने उडू लागली आहेत, तिसरे धावपट्टीपर्यंत पोहोचले आहे आणि एक आम्ही विचारपूर्वक नाकारले आहे. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की हा खेळ मुळात रणगाड्यांचा. विजयंत, टी-५५, सेंच्युरियन आणि पॅटन एवढ्या चार गाड्यांवर आम्ही पाच मित्रांनी तो गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू केला. विमाने त्यात नंतर आली, आणि परदेशात चाचणी झालेल्या विमानांचा वेगळा गट करण्याची कल्पना तर एका पावसाळी रविवारी निघाली, जेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत लाइट गेल्यामुळे संगणक बंद करून नुसते बोलत बसण्यावाचून दुसरे काही हातात उरले नव्हते.

या गटासाठी नियम एकच ठेवला आहे. विमान पळून आलेले असो, युद्धात हाती लागलेले असो किंवा मित्रदेशाने आपण होऊन दिलेले असो, परक्या देशाने ते प्रत्यक्ष उडवून पाहिलेले असले पाहिजे; आणि खेळातले त्याचे वर्तन कारखान्याच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर त्या चाचणीत जे आढळले त्यावरून ठरले पाहिजे. बऱ्याच खेळांत अशी विमाने केवळ चिन्हे आणि रंग बदलून दुसऱ्या देशाच्या यादीत टाकलेली असतात, आणि ते मला कधीच पटलेले नाही. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग्ज करतो. ड्रॉइंगमधले माप आणि थंड झालेल्या कास्टिंगचे माप यांत फरक पडणारच, हे गृहीत धरून आम्ही श्रिंकेजचा, म्हणजे धातू आक्रसण्याचा, हिशोब आधीच मांडतो. विमानाच्या बाबतीत मात्र छापील आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा, हे कसे चालेल?

मिग-१५ या नियमात सहज बसले होते. उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक २१ सप्टेंबर १९५३ रोजी ते घेऊन दक्षिण कोरियातल्या किम्पोच्या तळावर उतरला आणि पुढे ओकिनावात चक यीगर आणि टॉम कॉलिन्स या अमेरिकी वैमानिकांनी ते उडवले. वेग मॅक ०.९२, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.९२ पट, झाला की त्याचे एअरब्रेक (वेग कमी करणाऱ्या झडपा) आपोआप उघडतात, आणि आमच्या खेळातही ते उघडतात. मिग-२५ मात्र बाद झाले. ६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को ते जपानमधल्या हाकोदातेला घेऊन आला खरा, परंतु ते सुटे करून तपासले गेले आणि खोक्यांत भरून परत पाठवले गेले. परक्या वैमानिकाने ते उडवलेच नाही, त्यामुळे आमच्याजवळ लिहिण्यासारखे काही उरत नाही. आमच्यातल्या एकाने त्याचे अर्धे मॉडेल तयार केले होते आणि तो अजून थोडा नाराज आहे.

या सात आठवड्यांतला बहुतेक वेळ मिग-२१एफ-१३ ने घेतला. १६ ऑगस्ट १९६६ रोजी इराकी वैमानिक मुनीर रेड्फा हे विमान घेऊन इस्राएलमध्ये उतरला. इस्राएलने त्याला ००७ हा क्रमांक दिला आणि १९६८ च्या सुरुवातीला ते अमेरिकेला उसने दिले. ‘हॅव डोनट’ या सांकेतिक नावाने नेवाडातल्या ग्रूम लेक येथे त्याची चाचणी झाली, आणि तिचा अहवाल आता गुप्त राहिलेला नसल्यामुळे आमच्यासारख्यांना तो खजिनाच आहे. त्यातल्या चार गोष्टी आम्ही खेळात उतरवल्या. पहिली अशी की १५,००० फुटांच्या खाली ५९५ नॉटच्या पुढे गेल्यास विमान जोरात थरथरू लागते. दुसरी अशी की तीन जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) पेक्षा अधिक ताण देऊन लक्ष्याचा पाठलाग केला तर गनसाइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचे, चिन्ह काचेच्या खालच्या कडेकडे घसरत जाते. तिसरी म्हणजे इंजिनाचा प्रतिसाद मंद असतो. चौथी मला स्वतःला सर्वांत आवडते: १५,००० फुटांच्या वर आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी व्यवस्था) चालू किंवा बंद करताना न जळालेल्या इंधनाचा पांढरा पुंजका मागे सुटतो. हा पुंजका शत्रूला दुरूनही दिसतो, त्यामुळे खेळाडूला आफ्टरबर्नर केव्हा लावायचा याचा विचार करावाच लागतो.

थरथरीने आमचे तीन दिवस खाल्ले. विमान उड्डाण करून चाके आत घेताच दृश्य असे हलू लागे की आकाशातले काही दिसेना. खेळून पाहणाऱ्या मित्राला ग्राफिक्स कार्डच गेल्याची शंका आली, म्हणून त्याने मॉनिटरची केबल बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला आणि शेवटी शेजाऱ्याचा संगणकही आणून पाहिला. तिसऱ्या रात्री मी फाइल उघडली तेव्हा दिसले की मर्यादेच्या रकान्यात मी ५९५ हाच आकडा लिहिला होता, आणि आमच्या खेळातले सर्व वेग ताशी किलोमीटरमध्ये आहेत. ५९५ नॉट म्हणजे ताशी सुमारे १,१०२ किलोमीटर. चूक सर्वस्वी माझी होती. त्याची किंमत म्हणून दुसऱ्या दिवशीच्या मिसळीचे पैसे मी दिले. आता थरथर अचानक सुरू न होता १,०८० पासून हळूहळू वाढते, आणि कडेला आलेल्या खेळाडूला मागे हटण्याची संधी मिळते.

दुसरी चूक मॉडेलमधली होती आणि ती आमच्यापैकी कोणालाच दिसली नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे एक निवृत्त हवाई सैनिक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, यांनी उमेदीची बरीच वर्षे मिग-२१ च्या देखभालीत काढली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा ते दिवसभर टीव्हीसमोरून उठले नव्हते. आमचे मॉडेल पडद्यावर फिरवून दाखवले, कॉकपिट उघडले, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “पोरांनो, ही कॅनॉपी बिसची झाली. सत्त्याहत्तरची बिजागरी पुढं असायची. आणि तुमचं हे विमान तर तिच्याहून जुनं.” नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात जी टाइप ७७ (अण्णांची ‘सत्त्याहत्तर’) मिग-२१ विमाने बांधली गेली, त्यांची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, मागच्या बाजूने वर उचलली जाई, ती उजवीकडे कलंडण्याची रचना बिससारख्या नंतरच्या आवृत्त्यांत आली. एफ-१३ ची काचही पुढच्या बिजागरीवरच उघडते. आम्ही संदर्भासाठी वापरलेली छायाचित्रे बिसची होती, हे त्यानंतर लक्षात आले. कॅनॉपी, तिच्या खालची चौकट आणि उघडण्याची हालचाल असे सगळे ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा करावे लागले.

या गटातल्या विमानांना सुटे भाग सहज मिळत नाहीत हे दाखवण्यासाठी, एकदा उडालेले विमान पुढच्या दोन फेऱ्यांत वापरता येणार नाही असे आम्ही ठरवले होते. मात्र ‘हॅव डोनट’मध्ये या एकाच विमानाने ४० दिवसांत १०२ उड्डाणे केली, असे अहवाल सांगतो. तेव्हा आमची अट विमानावर अन्याय करणारी आहे हे मान्य करून ती एका फेरीवर आणली.

एफ-५ई या अमेरिकी लढाऊ विमानाचे काम त्या मानाने लवकर झाले. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनाम पडल्यावर जी विमाने विजेत्यांच्या हाती लागली, त्यांतले एक सोव्हिएत संघात पोहोचले आणि तेथे मिग-२१बिसशी त्याच्या लुटुपुटुच्या लढती लावण्यात आल्या. कागदावर बिसचे पारडे जड होते, कारण त्याच्या एका इंजिनाचा आफ्टरबर्नरसह जोर ७,१०० किलो, तर एफ-५ई च्या दोन्ही इंजिनांचा मिळून सुमारे ४,५०० किलो. तरीही जवळच्या लढतीत एफ-५ई सरस ठरले. आमच्या पहिल्या बिल्डमध्ये मात्र प्रत्येक वेळी बिस जिंकत होते. पंखाच्या पुढच्या कडेचे फ्लॅप मॉडेलमध्ये दिसत होते, पण उड्डाणाच्या गणितात ते जोडलेलेच नव्हते. ते जोडल्यावर कमी वेगातली वळणे आवळली गेली आणि बिसचा वैमानिक आता शहाणा असेल तर वळणात न अडकता वेग घेऊन दूर निघून जातो. यातली गंमत अशी की अमेरिकेत याच प्रकारची विमाने सरावासाठी मिग-२१ ची भूमिका करत असत.

धावपट्टीवर उभे आहे ते आपले भारतीय लढाऊ विमान एचएफ-२४ मरुत. परदेशी चाचणीच्या गटात मरुत कसे, असा प्रश्न आमच्यातही निघाला होता. इजिप्त त्या काळी हेलवान येथे एचए-३०० हे स्वनातीत लढाऊ विमान घडवत होता. ७ मार्च १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण भारतीय हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी केले. त्या विमानासाठी ई-३०० हे नवे इंजिन तयार होत होते आणि ते हवेत तपासायला भारताने एक मरुत पाठवले. मरुतच्या मूळ दोन ऑर्फियस इंजिनांपैकी एक काढून तेथे ई-३०० बसवले, आणि मरुत १बीएक्स म्हणून ते १९६७ पासून इजिप्तमध्ये उडाले. मरुतलाही अधिक ताकदीचे इंजिन हवेच होते, त्यामुळे भारताचाही यात स्वार्थ होता. १९६९ मध्ये इजिप्तने तो कार्यक्रमच बंद केला.

हे विमान लढाईसाठी नव्हते म्हणून त्याला आम्ही सामन्यांत ठेवणार नाही. ते फक्त चाचणी-उड्डाणाच्या विभागात मिळेल. अवघड भाग आहे तो दोन वेगळ्या इंजिनांचा. जोर दोन्हीकडे सारखा नसल्यामुळे थ्रॉटल पुढे केला की नाक एका बाजूला ओढले जाते आणि खेळाडूने रडर (शेपटीवरचे दिशा बदलणारे सुकाणू) दाबून ते सरळ ठेवायचे, असे गणित आम्ही मांडले आहे. ओढ किती असावी यावर अजून एकमत नाही. गेल्या रविवारी मी ती जरा जास्तच ठेवली होती. मरुत धावपट्टी सोडून गवतात शिरले आणि कडेला उभ्या केलेल्या टी-५५ वर जाऊन आदळले. रणगाड्याला ओरखडाही उठला नाही, कारण त्याच्या चिलखताचे आकडे आम्ही चार वर्षांपूर्वीच नीट तपासून भरले होते.