तिकडे रेसिझम असतो का गं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी परत आल्यापासून, ज्यांची मुलं अमेरिकेला निघालीयेत ते काका-काकू हमखास विचारतात, तिकडे रेसिझम असतो का गं, तुला काही त्रास झाला का. म्हणजे कोणी अंगावर आलं का, शिवीगाळ केली का. तसं माझ्याशी कोणी वागलं नाही. पण म्हणून नाही म्हणून मोकळी झाले तर ते खोटं ठरेल.

एक प्रसंग सांगते. चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट होता, त्यातलं निम्म्याहून जास्त काम माझ्या रूममेटने केलेलं, ती ब्लॅक आहे, तिथेच जन्मलेली वाढलेली. प्रेझेंटेशन संपल्यावर प्रोफेसरांनी तिच्याच स्लाइडवरचा प्रश्न विचारला आणि बघत होते शेजारच्या गोऱ्या मुलाकडे. तो म्हणाला हे हिने केलंय, मग तिने उत्तर दिलं, सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न परत त्यालाच. झालं, एवढंच. आता याची तक्रार काय करणार? तो समोर उभा होता म्हणून असेल, सरांच्या लक्षात आलं नसेल, एक मैत्रीण तर तिला म्हणालीच की लाइटली घे. पण ती रात्री भांडी घासताना तेच तेच बोलत होती, मी आवाज बारीक ठेवला का, मी आधी बोलायला हवं होतं का... चूक दुसऱ्याची आणि उलटतपासणी स्वतःची. असल्या बारीक टोचण्यांना मायक्रोॲग्रेशन म्हणतात, हार्वर्डचे ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्येच हा शब्द काढला होता, म्हणजे हे काही आजकालच्या मुलांचं नाजूकपण नाही.

ऑनलाइनचं वेगळं. नोव्हेंबर २०२४, निवडणूक नुकतीच झालेली, ती किचनमध्ये आली आणि काही न बोलता फोन माझ्यासमोर धरला. अनोळखी नंबरवरून मेसेज, तिचं नाव घालून, की कापूस वेचायला तुझी निवड झालीये, मळ्यावर हजर हो. गुलामगिरीच्या काळातला कापूस. त्या आठवड्यात कितीतरी राज्यांत ब्लॅक लोकांना असे मेसेज गेले, कॉलेजच्या मुलांना, अगदी शाळकरी पोरांनाही, एफबीआयला निवेदन काढावं लागलं. आमच्याकडे लगेच युनिव्हर्सिटीचा मेल आला, समुपदेशनाचा नंबर वगैरे. ती म्हणाली, याचा स्क्रीनशॉट आहे म्हणून सगळ्यांना पटलं, वर्गातल्याचा कुठून आणू?

कायदा आहे, तोही सांगते कारण आपल्या मुलांना माहीत नसतो. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं टायटल सिक्स, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कॉलेजात वंश, रंग, मूळ देश यावरून भेदभाव चालत नाही, त्यात आपणही येतो. पण कागदावर असणं आणि कोणी ऐकून घेणं यात फरक आहेच. २०१५ मध्ये मिझुरी युनिव्हर्सिटीत ब्लॅक मुलं कॅम्पसवरच्या रेसिझमबद्दल किती दिवस ओरडत होती, एक जण उपोषणाला बसला, शेवटी फुटबॉल टीममधल्या ब्लॅक खेळाडूंनी खेळणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा कुठे दोन दिवसांत अध्यक्षांनी राजीनामा दिला. आणि लगेच यिक यॅक नावाच्या निनावी ॲपवर ब्लॅक मुलांना गोळ्या घालायच्या धमक्या.

आता जे मला सांगायला जड जातं ते. आपल्या देशी मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, रूम शोधायला, सामान विकायला. तिथे नवीन मुलांना सर्रास सांगतात, त्या बिल्डिंगमध्ये कल्लू जास्त आहेत, घेऊ नका. कल्लू म्हणजे ब्लॅक लोक, हिणवून. मी वर्षभर ते वाचून पुढे स्क्रोल केलं, घरात तिच्याबरोबर एका टेबलावर जेवत असताना. तिला आलेल्या त्या कापसाच्या मेसेजनंतर ग्रुपवर परत कोणीतरी तसंच टाकलं तेव्हा मी लिहिलं, माझी रूममेट ब्लॅक आहे, कल्लू हा शब्द इथे वापरू नका. दोन मिनिटांत उत्तर आलं, अगं लाइटली घे ना.

काकू, तुमची मुलगी व्हिसा मिळाल्या मिळाल्या अशाच एखाद्या ग्रुपवर ॲड होईल. तो शब्द तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे माझ्यासारखं एक वर्ष लागणार नाही.