लांबचा प्रवास आणि लघवीचं घड्याळ

मणक्याच्या दुखापतीची माझी पातळी डी१०, म्हणजे पाठीचा दहावा मणका. मूत्राशय भरल्याचं कळत नाही. वेळ टळली की एक तर गळतं, नाहीतर तुंबतं. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून रिकामं करायचं, हे घरात अंगवळणी पडलंय. पण टॅक्सी, विमान आणि पुढे बस असा अख्खा दिवस बाहेर जाणार असेल तर गणित वेगळं मांडावं लागतं. बायकोबरोबर असा प्रवास नुकताच करून आलोय. जे निघणार आहेत त्यांच्या उपयोगी पडेल ते लिहितो.

आधी पाण्याचं. निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायचं, ही आपल्यातल्या पुष्कळांची सवय. त्याने लघवी घट्ट होते, इन्फेक्शनला आणि खड्यांना आयतं निमित्त मिळतं. वर पोट साफ होत नाही, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबलं की गळती उलट वाढते. मी पाणी तेवढंच ठेवलं, फक्त दिवसभरात घोट-घोट वाटून प्यायलो. चहा-कॉफी प्रवासापुरती बंद. निघण्याआधी काही दिवस प्रत्येक वेळी किती लघवी निघते ते मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहा. एका वेळचं माप ५०० मिलीच्या आत राहायला हवं. त्याच्या वर जात असेल तर दोन वेळांमधलं अंतर कमी करा. ही वही असली की निम्मी धास्ती जाते.

तिकिटावरच्या तासांवर विसंबू नका. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी विमानात बसवतात आणि सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. चार तासांच्या उड्डाणाला शौचालय ते शौचालय साडेपाच तास सहज होतात. म्हणून बोर्डिंगची घोषणा व्हायच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी, विमानतळावरच्या मोठ्या शौचालयात जाऊन मोकळा झालो. सुरक्षा तपासणीत कॅथेटर आणि तो सहज सरकावा म्हणून लावायचं जेल दिसलं की विचारणा होते. डॉक्टरांचं पत्र वरच्या कप्प्यात ठेवा. सगळे कॅथेटर हातातल्या बॅगेत, लागतील त्याच्या दीडपट. सामान हरवलं तर कपडे उसने मिळतात, कॅथेटर मिळत नाहीत.

विमानातलं शौचालय माझ्यासारख्याला जवळजवळ नसल्यातच जमा. मी खिडकीची जागा मागून घेतली आणि पिशवी जोडलेला, आधीच जेल लावलेला बंद कॅथेटर जागेवरच वापरला. बायकोने शाल आडवी धरली. आधी हात सॅनिटायझरने पुसले, पाकीट दाताने न फाडता खाचेवरून उघडलं आणि टोक कशाला लागू न देता नळी सरकवली. लघवी सुरू झाली की पिशवी मांडीखाली घ्यायची. मूत्राशयाच्या वर राहिली तर प्रवाह अडतो. कळतं कसं? मांडीला नाही, पण पिशवी धरलेल्या तळहाताला ऊब लागते. थांबल्यावर नळी हळूहळू बाहेर ओढायची, मध्ये पुन्हा धार आली तर तिथेच थांबायचं. शेजारच्याने मान वर केली नाही.

‘अशा ठिकाणी निर्जंतुक कसं ठेवणार?’ असं विचारणारे भेटतात. १९७२ मध्ये अमेरिकन युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी नेमकं हेच मांडलं होतं, की निर्जंतुकपणापेक्षा वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि जंतूंशी लढायची तिची ताकद घटते. हात धुतलेले असले आणि कॅथेटर स्वच्छ असला की पुरतं.

बायकांना जागेवर हे जमणं अवघड. काहीजणी डॉक्टरांना विचारून प्रवासाच्या दिवसापुरता आत राहणारा कॅथेटर आणि पायाला लेग बॅग लावतात. तसं केलंत तर पट्टा घट्ट नको, नळीला पीळ नको, आणि पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा.

ज्यांची पातळी डी६ किंवा त्याच्या वर आहे त्यांनी हे सोबतच्या माणसाला पाठ करून द्यावं: एकदम डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर रक्तदाब चढतोय, बहुधा तुंबलेल्या मूत्राशयाने. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे दुमडली आहे का ते पाहायचं, नळी नसेल तर लगेच मूत्राशय रिकामं करायचं. उतरलं नाही तर लगेच वैद्यकीय मदत. विमानात ‘थोडं थांबू’ असं म्हणायचं नाही.

मुक्कामी पोचल्यावरची पहिली रात्र फसवी असते. दिवसभर पाय लोंबकळून सुजलेले असतात. आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं आणि मूत्राशय भराभर भरतं. म्हणून आधी पाय वर घेऊन तासभर पडलो, झोपताना मोकळा झालो आणि मध्यरात्रीचा गजर लावला. तरीही पॅड लावलंच. घड्याळ तिथल्या वेळेवर फिरवलं तरी कॅथेटरची वेळ आधीच्या वेळेपासूनचे तास मोजूनच.

मध्येच एकदा लघवी गढूळ झाली, वासही आला. ताप नव्हता, पायाचे झटके वाढले नव्हते. काय करायचं ते निघायच्या आधीच डॉक्टरांशी ठरलं होतं: पाणी वाढवायचं, कॅथेटर थोडा लवकर घालायचा, नुसत्या वासावरून अँटिबायोटिक नाही. ताप, थंडी, झटके किंवा नेहमीपेक्षा जास्त गळती आली तर मात्र तपासणी. दोन दिवसांत निवळलं. ऑक्सिब्युटिनिन ही मूत्राशय शांत ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हात जपावं, त्या गोळीने घाम कमी येतो आणि अंग तापतं. नवी गोळी प्रवासाच्या तोंडावर सुरू करू नका.

बसचा टप्पा सोपा गेला, कारण थांबे आधीच विचारून ठेवले होते. परतीचंही विशेष काही नाही.

राहायची जागा ठरवताना ‘हो, व्हीलचेअरची सोय आहे’ एवढ्यावर थांबू नका. आपल्या खुर्चीची चाकांसकट रुंदी मोजा आणि बाथरूमच्या दाराला टेप लावून फोटो पाठवायला सांगा. आम्ही दोन ठिकाणं त्या फोटोवरच बाद केली.