ध्रुवीय कॅम्पचा निवारा जोडावर उभा राहतो

ध्रुवीय प्रदेशात संशोधनाच्या कॅम्पसाठी सुट्या पॅनेलचा निवारा ठरवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास जाडीचा येतो. १०० मिलिमीटर पुरेल की १५० घ्यावं? विचारणं रास्तच आहे, पण असे निवारे भिंतीपायी क्वचित फसतात. ते फसतात दोन पॅनेलच्या सांध्यात, झरोक्यात, दोरांच्या टोकाला आणि त्याआधी जागा निवडताना.

हिशेब मांडून बघू. चार माणसांची ६ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि तितकीच उंच खोली. १.२ × २.४ मीटरची बरोबर २४ पॅनेल लागतात: दोन लांब भिंतींना दहा, छताला पाच, जमिनीला पाच, दोन टोकांना चार. एकूण पृष्ठभाग ६९ चौरस मीटर. १०० मिलिमीटरच्या पफ (पॉलियुरेथेन फोमच्या) पॅनेलमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ०.२३ वॅट उष्णता बाहेर जाते. आत २० आणि बाहेर उणे ४० अंश असेल तर सगळ्या पॅनेलमधून मिळून ९५० वॅट. आता चौघांना लागणारी ताजी हवा धरा, माणशी ताशी २५ घनमीटर. ती ६० अंशांनी तापवायला २ किलोवॅट लागतात, म्हणजे भिंतींच्या दुप्पट. पॅनेल १५० चं केलं तर जेमतेम ३०० वॅट वाचतात आणि वजन व आकारमान दोन्ही वाढतं. चार माणसांच्या शरीरातूनच ४०० वॅट मिळतात. त्यामुळे जाडीवर खल करण्यापेक्षा हवेकडे लक्ष द्यावं.

ही हवा बंद करून इंधन वाचवायचा मोह थंडीत फार होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातल्या रॉस हिमपट्ट्यावर (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर), हिमात रोवलेल्या सुट्या भागांच्या झोपडीत एकटे राहत होते. शेगडीच्या आणि जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने ते मरणाच्या दारात पोहोचले. झोपडीतल्या धुराला नीट वाट नव्हती.

म्हणून झरोके दोन हवेत: हवा आत घेणारा खाली, बाहेर सोडणारा छताजवळ. ते वाऱ्याच्या समोरच्या भिंतीत नकोत, कारण वादळात हिम पिठासारखं बारीक होऊन कुठूनही घुसतं. वाऱ्याच्या आडोशाच्या भिंतीतही नकोत, ती बाजू हिमाखाली गाडली जाते. वाऱ्याला समांतर असलेल्या बाजूला ठेवावेत. आत येणारी हवा आधी एका रिकाम्या पेटीतून वळवली की तिचा वेग मंदावतो आणि हिम पेटीतच खाली बसतं. वरच्या झरोक्याला बारीक जाळी कधीच लावू नये. श्वासातली वाफ तिच्यावर गोठते आणि रात्रीत जाळी बंद होते. त्याऐवजी उष्णतारोधक गुंडाळलेला सरळ पाइप घ्यावा, म्हणजे आतून काठी घालून तो मोकळा करता येतो. शेगडीला जळण्यासाठी लागणारी हवा वेगळ्या नळीने थेट बाहेरून द्यावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना तो किती तापमानापर्यंत चालतो ते वाचावं, घरगुती वापराचे बरेच अलार्म शून्याखाली काम करण्यासाठी बनवलेलेच नसतात. बॅटरी लिथियमची घ्यावी.

आता सांधे. शीतगृहाच्या पॅनेलला असतं तसं कॅम लॉक इथे उत्तम. आतल्या बाजूने अ‍ॅलन की घालून फिरवलं की दोन पॅनेल एकमेकांना घट्ट ओढली जातात, हातमोजे काढावे लागत नाहीत. हाताने लावायचे छोटे नट-वॉशर जिथे असतील तिथे काम अडणार हे धरून चाला. सगळे बोल्ट एकाच मापाचे, एकाच पान्याने फिरणारे आणि पॅनेलपासून सुटून न पडणारे असावेत. हिमात पडलेला बोल्ट पुन्हा सापडत नाही.

वर्कशॉपमध्ये चपखल बसलेली चौकट तिथे बसत नाही, यामागे साधं कारण आहे. ६ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा बार २० अंशांवरून उणे ४० वर गेला की सुमारे ८ मिलिमीटर आखडतो. फायबरग्लास त्याच प्रमाणात आखडत नाही. भोकं लंबगोल ठेवली नाहीत तर बोल्ट जात नाहीत, किंवा गेलेले बोल्ट पॅनेलची कड फाडतात. गॅस्केट सिलिकॉनचं घ्यावं. पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकतं, आणि हे वायरींच्या वेष्टनालाही लागू आहे.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच आहे. वारा बाहेरून लागतो, म्हणून माणसं सांधा बाहेरून बंद करतात. खरा शत्रू आतली वाफ असते. श्वास आणि स्वयंपाक यांची वाफ सांध्यात शिरते, बाहेरच्या थंड कडेला गोठते आणि तिथेच साठत जाते. महिनाभराने लॉक बर्फात घट्ट रुततं आणि निवारा उतरवताना पॅनेलचा पत्रा फोमपासून सोलून निघतो. बाष्परोधक टेप आतून लावावी, बाहेरच्या कडेला ओल निघून जायला वाव ठेवावा. मात्र गारठलेल्या पृष्ठभागावर टेप चिकटत नाही. आधी खोली उभारायची, तापवायची, सांधे कोरडे पुसायचे आणि मग टेप लावायची. आतून बाहेर आरपार जाणारा धातूचा बोल्ट तर एकही नको, त्याच्या डोक्यावर दहिवराची गाठ वाढत राहते.

वाऱ्याचा जोर कमी लेखू नये. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा, समुद्रसपाटीवरची थंड, जड हवा आणि १४.४ चौरस मीटरची लांब भिंत: आडवा जोर दोन टनांच्या पुढे जातो. खोलीतली सगळी पॅनेल मिळून ९०० किलोच्या आसपास भरतात. म्हणजे ही खोली स्वतःच्या वजनावर टिकत नाही, तिला दोरच धरून ठेवतात. हिमात खुंट्या निरुपयोगी. प्लायवुडची फळी किंवा हिमाने भरलेली पोती दोराला बांधून मीटरभर खोल आडवी पुरायची, वरचं हिम पायाने दाबायचं आणि शक्यतो रात्रभर तसंच सोडायचं. चाळवलेलं हिम काही तासांत आपोआप घट्ट होतं, त्याआधी पूर्ण ताण देऊ नये. निळ्या कठीण बर्फावर एकमेकांना आत मिळणारी दोन तिरकी भोकं पाडून त्यातून दोर ओवावा. तिथे लोखंडी स्क्रू उन्हाने तापून सैल होतात, म्हणून त्यांवर हिम लोटून ठेवावं. पहिल्या वादळानंतर सगळे दोर पुन्हा ताणावेत.

जागेची दिशा जमिनीवरच लिहिलेली असते. वाऱ्याने कोरलेल्या हिमाच्या धारा नेहमीच्या वाऱ्याची दिशा दाखवतात. सगळे निवारे त्या दिशेला आडव्या एका रांगेत लावावेत, म्हणजे एकामागचा हिमाचा ढीग दुसऱ्यावर येत नाही. सामानाचे खोकेही त्याच रांगेत ठेवावेत. निवाऱ्याच्या अलीकडे, वारा येतो त्या बाजूला ठेवलेलं एक खोकंसुद्धा दार बुजवायला पुरतं. खोलीच्या तळाखाली किमान मीटरभर पोकळी ठेवली तर वारा खालून वाहतो आणि हिम झाडून नेतो. शिवाय आतल्या उबेने खालचं हिम वितळत नाही. हॅली या अंटार्क्टिकातल्या ब्रिटिश केंद्राच्या पहिल्या चार इमारती हिमाखाली गाडल्या गेल्या. भारताचं दक्षिण गंगोत्री केंद्रही बर्फात रुतत गेलं. हॅली ६ ची आठ दालनं मात्र वाऱ्याला आडवी, स्की लावलेल्या हायड्रॉलिक पायांवर उभी आहेत. हिमपट्ट्यात भेग वाढत गेली तेव्हा २०१६-१७ च्या हंगामात ती वेगळी करून २३ किलोमीटर आत ओढून नेता आली.

दार आत उघडणारं हवं, छताला दुसरी सुटकेची खिडकी हवी, आणि फावडं खोलीत असावं, बाहेर नव्हे.

वाहतूक हे सगळं ठरवते. अंटार्क्टिकातलं भारताचं भारती हे केंद्र १३४ कंटेनरांतून उभं राहिलं, कारण ते जहाजाने पोहोचले. ऑस्ट्रेलियाच्या लाल गोल फायबरग्लास झोपड्या, ज्यांना तिथे ‘अ‍ॅपल’ म्हणतात, हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येतात. ट्विन ऑटर विमानाचं मालाचं दार जेमतेम १.४ मीटर रुंद असतं, म्हणून १.२ मीटरचं पॅनेल सोयीचं. ते ३५ ते ४० किलोचं असतं, दोघांना उचलता येतं. विमानात सामान उलट्या क्रमाने भरावं: जमिनीची पॅनेल सर्वांत शेवटी आत जातात आणि सर्वांत आधी बाहेर येतात. जोडणी पहिल्या दिवशी संपेल असं धरू नये. आधी पिरॅमिड तंबू उभारून त्याच्या झालरीवर हिमाचे ठोकळे रचावेत, मग पॅनेलला हात लावावा. वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर भिंत उभी करणं थांबवावं.

पॅनेल तिथे जाऊन कापायची वेळ येता कामा नये. अंटार्क्टिकात तिथलं पर्यावरण जपण्यासाठी झालेल्या माद्रिद करारान्वये थर्मोकोलचे मणी आणि तुकडे यांसारखं पॅकिंग नेण्यास बंदी आहे, आणि फोमचा भुगा एकदा वाऱ्यावर गेला की तो गोळा करता येत नाही. सगळी भोकं आधीच पाडून, कडा बंद करून न्यावीत. हंगाम संपल्यावर पॅनेल मागे ठेवायची असतील तर ती आधी कोरडी करावीत, हिमाच्या उंच बांधावर वाऱ्याला आडवी रचावीत आणि चारही कोपऱ्यांना तीन मीटरचे बांबू झेंडे लावून रोवावेत. जीपीएसची नोंद घ्यावीच. पण हिमनदी आणि हिमपट्टा सरकतात, म्हणून नोंदीसोबत तारीख आणि तिथल्या बर्फाची वाहण्याची दिशा व वेगही लिहावा.